नरांच्या खोक्यातल्या माद्या

इरण्णा पिल्लू डाव्या तळहातावर घ्यायचा. सकाळी अंघोळ करून त्याच तळहातावर तो गळ्यातलं इष्टलिंग ठेवून पूजा करायचा, आणि तासाभरानं त्याच तळहातावर एका दिवसाचं कोंबडीचं पिल्लू उताणं धरून त्याच्या शेपटाखाली अंगठा दाबायचा. मला हे पहिल्यापासून खटकलं. मी धनगर, आमच्यात खाण्यापिण्याचं काही बंधन नाही, तरी खटकलं. एकदा न राहवून बोललो. इरण्णानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "देवानं डावा हात एकच दिलाय की रे बिरू. दुसरा कुठनं आणू?" आणि पुढचं पिल्लू उचललं.

अक्कलकोट रस्त्याला तेव्हा अंडी उबवून पिल्लं विकायचा एक कारखाना निघाला होता. बहात्तरच्या दुष्काळात माझी मेंढरं गेली, मी सांगोल्याकडनं उठून सोलापुरात आलो आणि शहराबाहेर पत्र्याचं छप्पर टाकून कोंबड्या पाळायचं ठरवलं. इरण्णा त्या कारखान्यात नर-मादी सांगायच्या कामावर होता. पुण्याला जाऊन सहा महिने शिकून आलेला. त्याआधी अक्कलकोटकडच्या आपल्या गावात पेरणीचं बी निवडायचा. त्यांचं घराणंच बी निवडणाऱ्यांचं. चांगली शेंग, किडकी शेंग, बोटाला कळायची म्हणे. स्वतः लिंगायत, अंड्यालासुद्धा न शिवणारा माणूस. भाऊबंद त्याला बोलायचे, हा कसला धंदा धरलास म्हणून. तो म्हणायचा, "मी खात नाही, कापत नाही. कोण काय आहे ते सांगतो. खरं सांगायला कसलं पाप?"

त्याचं काम बघण्यासारखं होतं. डोक्यावर मोठा दिवा, पुढ्यात पिल्लांचं खोकं, दोन बाजूंना दोन रिकामी खोकी. पिल्लू उचलायचं, त्याची घाण डब्यात काढायची, अंगठ्यानं दाबून दिव्याखाली बघायचं. आत मोहरीहून बारीक गाठ दिसली तर नर. दिसली नाही तर मादी. मला एकदा त्यानं दाखवलं, मला काही दिसलं नाही. तोंडानं तो सारखा पुटपुटायचा, "गंडु, गंडु, हेण्णु, गंडु." कानडीत गंडु म्हणजे नर, हेण्णु म्हणजे मादी. लांबून कुणाला वाटावं, जप चाललाय.

आमची पहिली भेट भांडणानंच झाली. मी गेलो आणि म्हणालो, मटणाच्या जातीची पिल्लं पाहिजेत, पण सगळी नर. इरण्णा म्हणाला, "मटणाच्या जातीत निवड कशाला? मिश्र घे."

"मिश्र बिश्र नको. नर द्या."

"अंड्यावाले निवडतात, ते खरं. त्यांना मादीच पाहिजे, नर अंडं देतोय काय? तू तर कोंबडी विकणार. तुला नर काय, मादी काय?"

मी म्हणालो, "अण्णा, मी जन्मापास्नं मेंढरं राखल्याती. कळपात मादी ठेवायची आन् नर विकायचा, हे आमच्यात शेंबडं पोरगंबी सांगंल. मटण म्हंजी नर."

"मेंढरू आणि कोंबडं एक आहे काय रे?"

"नर तो नरच की."

तो हसला नाही. त्यानं हातातलं पिल्लू खाली ठेवलं आणि मला समजावून सांगितलं. नर लवकर वाढतो, वजन धरतो, हे खरं. मादी बारकी राहते, पण लवकर भरते, मऊ असते. सगळे नर घेतलेस तर एकदम सगळे मोठे होणार. "आणि गिऱ्हाईक नर-मादी बघत नाही बिरू, पातेलं बघतंय. नवरा-बायको दोघंच असतील त्यांचं पातेलं बारकं. दहा माणसांचं मोठं. खानावळीचं त्याहून मोठं. तुझ्याकडं सगळ्या मापाची कोंबडी पाहिजे." गिऱ्हाईक पातेलं बघतंय, हे त्याचं नेहमीचं बोलणं. किती जणांना सांगितलं असेल त्यानं.

मला ते पटलं नाही. पटलं असेल तर मी तसं कबूल केलं नाही. उलट म्हणालो, तुम्हाला निवडायचा कंटाळा असंल तर मीच निवडतो. नर काय झाकला राहतो? मी खोक्यात हात घातला आणि बघून बघून वीस पिल्लं काढली. जाड पायाची, मोठ्यानं ओरडणारी, मान ताठ ठेवणारी. इरण्णानं एकेक तळहातावर घेऊन बघितलं. गंडु, हेण्णु, हेण्णु, गंडु. विसांत अकरा माद्या निघाल्या. कारखान्यातली माणसं हसायला लागली. इरण्णा तेवढा हसला नाही. "न बघता उचलली असतीस तरी एवढेच नर आले असते," म्हणाला. ते मला हसण्याहून जास्त लागलं. मी म्हणालो, "मग तुमीच निवडा. पर मला नरच पायजेत." त्यानं निवडून दिली. पहिल्या खेपेला दीडशेच्या दीडशे नर निघाले, एकही चूक नाही.

आता खरं सांगायचं तर त्या नरांनी मला दमवलं. वाढले जोरात. नवव्या आठवड्याला सगळे एकदम तयार. वस्तीतल्या बायका यायच्या, हातात उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "अगंबाई, एवढं मोठं कोन खानार? ह्याच्यातलं बारकं न्हाय व्हय?" बारकं कुठलं असणार? खानावळवाले घ्यायचे, पण त्यांच्या सवडीनं. तोवर नर आपसांत झुंजायला लागायचे, एकमेकांचे तुरे फोडायचे. माझी बायको पारू छपरात अंथरलेल्या शेंगांच्या फोलपटांवरचं रक्त बघून म्हणायची, "मिश्र आना की एकडाव." मी म्हणायचो, गप बस. कारखान्यात गेलो की इरण्णा विचारायचा, "काय म्हणतायत तुझे नर?" मी म्हणायचो, "झ्याक हायत." तो मान डोलवायचा. खोटं आहे हे त्याला कळत होतं असं मला वाटायचं, पण त्यानं तसं कधी दाखवलं नाही. दोन वर्षं मी नरच नेत राहिलो आणि तो प्रत्येक खेपेला मिश्र घे म्हणत राहिला.

भांडत भांडत आमचं जमलं. दुपारी तो डबा उघडायचा, भाकरी आणि शेंगाचटणी. हात साबणानं तीनदा धुवायचा, मग माझ्याकडं अर्धी भाकरी सरकवायचा. माझ्या डब्यात कधी काही वशाट असलं तर मी लांब जाऊन बसायचो. तो हाक मारायचा, "हितंच बस की रे. तुझं जेवण माझ्या नाकात जातंय, पोटात नाही." कानडी म्हणी सांगायचा, मला अर्ध्या कळायच्या. अंड्याच्या जातीतले नको असलेले नर पिंपात टाकून मारायचे, त्या दिवशी मात्र तो जेवायचा नाही. खरं सांगायला पाप कसलं म्हणणारा माणूस त्या दिवशी उपाशी का राहायचा, ते मला उमगलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "भूक नाही." एवढंच.

तिसऱ्या वर्षी मला काही गोष्टी दिसल्या. त्याचं पुटपुटणं सावकाश झालं होतं. पिल्लू तो पूर्वी हातभर लांबून बघायचा, आता नाकाजवळ न्यायचा. दिवा बदलून मोठा लावून घेतला होता. चष्मा सारखा धोतराच्या टोकानं पुसायचा. मी म्हणालो, "डोळं दावून या की अण्णा. शेहरात इतके डाक्तर हायत." तो म्हणाला, "काम बोटाचं आहे, डोळ्याचं नाही." त्यानंच मला दिव्याखाली धरून गाठ बघायला लावलं होतं, आणि आता म्हणत होता काम बोटाचं. यातलं कुठलं खरं?

आखाडाच्या आधी मी नेहमीप्रमाणं दीडशे नर नेले. आखाडात सोलापुरात कोंबडीला मागणी लई, पुढं श्रावण लागला की खाणारे बंद. सहाव्या आठवड्यात मी छपरात गेलो तर काही पिल्लांचे तुरे लाल झालेले आणि काहींचे नाहीतच. वाटलं, आजार आला. मी घाबरून पारूला हाक मारली. तिनं एक उचललं, पाय बघितले, तुरा बघितला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"हसतीस काय?"

"अहो, माद्या हायत की ह्या! जल्मभर मेंढरं राखली आन् मादी कळंना व्हय तुमाला?"

मोजायला लागलो. कोंबडी काय एका जागी उभी राहते? एकदा सत्तेचाळीस भरल्या, एकदा बावन्न, तिसऱ्यांदा मोजायचा नाद सोडला. दीडशेतला तिसरा हिस्सा मादी. इरण्णाच्या हातून शेकड्यात एखादी चूक व्हायची, तीही वर्षातनं कधीतरी.

मला राग आला. वाटलं, म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं. दोन वर्षं ऐकलं नाही, म्हणून न सांगता मिश्र बांधून दिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन चार शब्द सुनवायचे ठरवलं. पण सकाळपासनं दारात बायका आल्या. "ती बारकी द्या. ती तिकडची, गुबगुबीत." दहा-बारा दिवसांत माद्या संपल्या. नरांना जागा मोकळी झाली, झुंजी थांबल्या, आणि शेवटच्या आठवड्यात खानावळवाले येऊन तेही घेऊन गेले. श्रावण लागायच्या आत छप्पर रिकामं झालं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आता भांडायला जावं तर कोणत्या तोंडानं? आभार मानावे तर कशाचे? चुकीचे आभार मानतात काय कुणी? आणि मुद्दाम केलं असेल तर मला फसवल्याचे मानायचे? मी आठ दिवस गेलोच नाही.

गेलो त्या दिवशी कारखान्याच्या अंगणात गर्दी होती. बार्शीकडचा एक अंड्यावाला पोतं घेऊन आला होता. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं आणि आतनं पांढरेशुभ्र चार कोंबडे फडफडत बाहेर पडले. एकानं तर मान वर करून बांगही दिली. अंड्यावाला ओरडत होता, "माद्या म्हणून दिलीत ही! तीन महिने दाणा घातला मी! हे अंडी देणार आहेत काय? अजून घरी किती आहेत, येऊन मोजा!"

मालक मध्ये उभे होते. इरण्णा आपल्या दिव्याखाली बसलेला, दोन्ही हात मांडीवर. मालकांना काय करावं ते सुचत नसावं. इरण्णानं त्यांचं नाव केलं होतं, त्याच्यासाठी लोक लांबून यायचे. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे बिरू धनगर. तीन वर्षं नर नेतात. ह्यांना विचारू. काय हो, तुमच्या आखाडाच्या नरांत माद्या किती निघाल्या?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला कळलं की मी जे बोलेन त्यावर इरण्णाची जागा राहायची किंवा जायची. इतके दिवस मनात धरलेला राग कुठं गेला कुणास ठाऊक. मी म्हणालो, "एकबी न्हाय. सगळे नर. इरण्णाचा हात हाय त्यो."

मालकांचा चेहरा निवळला. मी इरण्णाकडं बघितलं. वाटलं, म्हातारा मान डोलवील.

इरण्णा उठून उभा राहिला. "खोटं बोलतोय हा," तो म्हणाला. "पन्नास तरी माद्या असतील त्याच्यात."

तो पांढरा कोंबडा तेवढा ओरडत होता. मालक म्हणाले, "अण्णा, काय बोलताय तुम्ही?" इरण्णा म्हणाला, "बार्शीचे हे बरोबर बोलतायत. ह्यांना माद्या भरून द्या. आणि दुसरा माणूस बघा." मग नळावर जाऊन त्यानं हात धुतले, साबण लावून, तीनदा. डबा पिशवीत घातला. माझ्यासमोरनं जाताना थांबला.

"तुला कुणी सांगितलं होतं रे बोलायला?"

"अण्णा, मी तुमच्यासाठीच…"

"माझ्यासाठी?" त्याचा आवाज चढला होता. असा मी त्याला कधी बघितला नव्हता. "तीस वर्षं जे आहे तेच सांगितलं मी. शेंग किडकी तर किडकी, नर तर नर. आणि तू चार माणसांत माझ्या नावावर खोटं सांगतोस?" आणि रस्त्याला लागला. मी मागं गेलो नाही. भलं करायला जावं आणि शिवी खावी, मलाही राग होताच.

पण एक गोष्ट डोक्यातनं जाईना. पन्नास हा आकडा त्याला कळला कसा? डोळे गेले म्हणून चुकला असेल, तर किती चुकलं हे त्याला कळायला नको. मुद्दाम घातल्या असतील, तर बार्शीच्या खोक्यात नर कसे गेले? त्या गरिबाचं वाटोळं तो मुद्दाम करणार नाही. बरं, अंदाजानं पन्नास म्हणाला म्हणावं, तर माझ्याही मोजण्यात एकदा सत्तेचाळीस, एकदा बावन्न. पारू म्हणाली, "डोळं गेल्यालं त्येला ठावं असनार. आपल्याला कळतंय की आपलं काय गेलंय." असेल. पण मग महिनोन् महिने तो त्या दिव्याखाली बसलाच का, खरं सांगणारा माणूस? मी जितका विचार करतो तितका गुंता वाढतो. आज पन्नास वर्षं होत आली, गुंता तसाच आहे.

त्यानंतर मी मिश्रच पिल्लं आणली. लोक विचारायचे, तुम्ही तर नराशिवाय बोलत नव्हता. मी म्हणायचो, आता माझा विचार बदललाय. इरण्णाचं नाव मी घेतलं नाही. ज्या गोष्टीला सल्ला म्हणावा का चूक, तेच माहीत नाही, ती कुणाच्या नावावर सांगायची?

त्याला मी पुन्हा एकदाच भेटलो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या गावी गेलो. तो ओसरीवर सूप घेऊन शेंगदाणे निवडत होता. माझी चाहूल लागली तशी मान वर केली, पण मी "अण्णा" म्हणेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "बिरू काय रे? ये, बस." घरात हाक मारून पाणी आणवलं, चहा आणवला. कारखान्यातल्या त्या दिवसाचं नाव त्यानं काढलं नाही. मेंढरं परत घेतलीस काय, पोरीचं लग्न जमलं काय, पारूची पाठ बरी आहे काय, सगळं विचारलं. कोंबड्यांचं तेवढं विचारलं नाही.

मीच विचारलं. एवढ्या लांब त्यासाठीच गेलो होतो. "अण्णा, खरं सांगा. माझ्या नरांत माद्या आल्या, त्या तुमचं डोळं चुकलं म्हनून, का मुद्दाम घातल्या?"

तो दाणे निवडतच राहिला. एक दाणा बोटांत फिरवला, बाजूला टाकला. मला तो चांगला दिसला होता. मग म्हणाला, "चुकलं म्हणालो तर आंधळा म्हणशील. मुद्दाम म्हणालो तर लबाड म्हणशील. तुला त्यातलं काय पाहिजे ते घेऊन जा."

"मला खरं पायजे. तुमीच म्हनता की, जे हाय ते सांगायचं."

"पिल्लाचं म्हणालो होतो मी," इरण्णा म्हणाला. "माझं नाही." आणि पहिल्यांदा हसला. पुढचे दात पडले होते.

एस.टी.ची वेळ झाली. मी उठलो. तो म्हणाला, थांब, स्टँडपर्यंत येतो. मी नको म्हणालो, ऊन लई आहे. "बेड म्हणू नकोस," म्हणजे नको म्हणू नकोस, असं कानडी-मराठी एक करून तो म्हणाला आणि उंबऱ्याशी येऊन त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत त्यानं माझ्या अंगाला कधी हात लावला नव्हता. रस्ता उताराचा, दगडाधोंड्यांचा. तो गावातल्या गोष्टी सांगत होता, कुणाची विहीर आटली, कुणाचं पोरगं पुण्याला गेलं, आणि हात काही काढत नव्हता. खड्डा आला की बोटं घट्ट व्हायची. माया म्हणून ठेवलाय का वाट दिसत नाही म्हणून, मला कळेना. विचारलं असतं तर त्यानं हात काढून घेतला असता. मी विचारलं नाही. चाल तेवढी कमी केली.